ॲपमधून ईमेल व एसएमएस पाठवणे

एखाद्या मोबाइल ॲपमधून, फोनच्याच यंत्रणेच्या आधारे ईमेल किंवा एसएमएस पाठवण्याची सोय. तक्रार कळवणे, पावती धाडणे, ओळखीच्यांना निमंत्रण देणे, मोबाइल क्रमांकाची खातरजमा करणे अशा कामांसाठी ती वापरतात. मजकूर ॲपने तयार केला, तरी तो रवाना कोण करतो, वापरणारा स्वतः की ॲप परस्पर, यावरून या सोयीचे दोन प्रकार पडतात.

आयफोन : ॲपलने २००९ मध्ये ईमेलसाठी आणि २०१० मध्ये एसएमएससाठी तयार लेखन-पडदा ॲपकर्त्यांना खुला केला, दोन्ही ‘मेसेजयूआय’ या संचात येतात. पत्ता, विषय, मजकूर ॲप आधीच भरून ठेवू शकते. ‘सेंड’ मात्र वापरणाऱ्यानेच दाबायचे असते. फोनमध्ये मेलचे खाते जोडलेले आहे का, हे ॲपला आधी तपासावे लागते. ईमेल ‘पाठवला’ असे उत्तर ॲपला मिळाले, तरी तो फक्त रवानगीच्या रांगेत लागलेला असतो. पोहोचल्याची ती पावती नव्हे.

अँड्रॉइड : येथे ‘इंटेंट’द्वारे ॲप आपला मसुदा जीमेल किंवा मेसेजेससारख्या ॲपकडे सोपवते. ‘एसएमएसमॅनेजर’ वापरल्यास मात्र, परवानगी असेल तर, एसएमएस परस्पर जातो. २०१० मध्ये मीडिया प्लेअरचे सोंग घेतलेले एक ॲप याच वाटेने महागड्या क्रमांकांवर एसएमएस पाठवताना आढळले. पुढे अँड्रॉइड ६.० पासून (२०१५) ही परवानगी ॲप चालू असताना विचारली जाऊ लागली, तर २०१८ मध्ये गूगल प्लेने ती मागणाऱ्या ॲपवर कडक अटी घातल्या.

लांबी : एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यांची १६० अक्षरे होतात. देवनागरीत सामान्यतः ७० चिन्हे, आणि काना, मात्रा, हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जातात. मजकूर मोठा असल्यास त्याचे तुकडे होतात. देवनागरीच्या प्रत्येक तुकड्यात मग ६७ चिन्हेच उरतात. शुल्क तुकड्यागणिक लागू शकते.

भारतातील वापर : यूपीआय ॲपची नोंदणी करताना फोनमधल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस जातो व क्रमांक त्याच फोनशी बांधला जातो. अँड्रॉइडवर तो आपोआप रवाना होतो. आयफोनवर वापरणाऱ्याला तो स्वतः पाठवावा लागतो. बँकेकडून येणारा ओटीपी या प्रकारात मोडत नाही; तो बँकेच्या सर्व्हरवरून निघतो आणि त्यासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषकाचे नाव व मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो.