एक कंपनी, दोन वेतनें

जुन्नर म्हटलें कीं आपणांस शिवनेरी आठवते, लेणीं आठवतात आणि कल्याण बंदराकडून घाटमाथ्यावर येणारा नाणेघाट आठवतो. याच मुलखास आधुनिक प्रवासाच्या इतिहासांतहि एक दुःखद स्थान आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं, ऐन पावसाळ्यांत, सिडनीहून रोमकडे निघालेलें अलितालिया या इटालियन कंपनीचें विमान बँकॉकहून मुंबईस येत असतां जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारें ३६०० फूट उंचीवर आदळलें. विमानांत ९४ माणसें होतीं. त्यांतील एकहि वांचलें नाहीं. मुंबई आतां जवळ आली अशा समजुतीनें वैमानिकानें विमान वेळेपूर्वींच खालीं आणलें. वस्तुतः सह्याद्रीची धार अद्यापि ओलांडावयाची होती. आपलें नेमकें स्थान ठरविण्याचीं जीं साधनें उपलब्ध होतीं त्यांचा उपयोग केला गेला नाहीं आणि खालच्या मुलखाची वैमानिकास ओळख नव्हती, असें चौकशींत दिसून आलें. नाणेघाट चढणाऱ्या वाटसरूस सह्याद्रीची उंची पायांनीं कळते. वैमानिकास ती आकड्यांवरून ओळखावी लागते, आणि तीहि पुष्कळदां अपरात्रीं.

ही आठवण आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, वैमानिकाचा पगार आपल्यापुढें बहुधा संपाच्या बातमीबरोबरच येतो. एवढा पगार घेणाऱ्यांनीं संप कां करावा, असा प्रश्न मग घरोघर विचारला जातो. त्याचें उत्तर शोधावयाचें तर हा पगार कोणत्या मापानें मोजतात तें आधीं पाहिलें पाहिजे. आणि दोन कंपन्यांची एक कंपनी होते तेव्हां हें माप जितकें उघडें पडतें तितकें एरव्हीं पडत नाहीं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमान कंपन्या अनेक निघाल्या. पण त्या सर्वांना पुरतील इतके उतारू मिळेनात. अखेर १९५३ मध्यें संसदेनें कायदा करून या धंद्याचें राष्ट्रीयीकरण केलें. देशांतर्गत वाहतुकीसाठीं आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्सचें महामंडळ झालें, आणि परदेशच्या वाहतुकीसाठीं एअर इंडियाचें महामंडळ वेगळें राहिलें. एकीचा कारभार दिल्लीहून, दुसरीचा मुंबईहून. वैमानिकांच्या संघटनाहि दोन, वेतनाचे करार दोन आणि बढतीच्या यादीहि दोन. पुढें जो तंटा झाला त्याचें बीं या विभागणींत पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या दोन नोकऱ्यांत फरक काय होता? मुंबईहून लंडनला जाणारा वैमानिक एका खेपेंत नऊ-दहा तास आकाशांत असतो आणि एकदांच उतरतो. मुंबई-दिल्ली अशा दोन फेऱ्या करणारा वैमानिक सुमारें आठ तास उडतो आणि चार वेळां उतरतो. पहिल्याची झोंप देशोदेशींच्या घड्याळांत हरवते. दुसऱ्याच्या वांट्यास चार वेळां चढणें-उतरणें येतें, आणि विमानाचा धोका याच वेळीं अधिक असतो. शिवाय जे तास पगारांत धरतात ते विमान जागचें हलल्यापासून पुन्हां थांबेपर्यंतचे असतात. विमानतळावर आधीं हजर होणें, हवामानाचे अहवाल पाहणें, दोन खेपांच्या मध्यें ताटकळणें हें सारें काम खरें. पण उड्डाणाच्या तासांत त्याची गणना नाहीं. तास मोजले तर दूरचा वैमानिक वरचढ ठरतो, उतरणीं मोजलीं तर जवळचा. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या मापानें खरेंच असतें.

२००७ मध्यें या दोन्ही सरकारी कंपन्या एक करण्यांत आल्या. नांव एक झालें, विमानांचे रंग एक झाले. वेतनाचीं पत्रकें मात्र दोन राहिलीं. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वींच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं समान वेतनासाठीं सुमारें दहा दिवस संप केला. आमची प्राप्ति प्रत्यक्ष उडालेल्या तासांवर लटकत राहते, आणि वेळापत्रक तर कंपनी ठरविते. मग कमी खेपा मिळाल्याचा दंड आम्हीं कां भरावा, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. त्याच वर्षीं न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, व जानेवारी २०१२ मध्यें तिचा अहवाल आला. तथापि मे २०१२ मध्यें दुसरा पक्ष उठला. मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा हा संप ५८ दिवस चालला. नव्या ड्रीमलायनर विमानांचें शिक्षण दोन्ही गटांना वांटून देण्यास त्यांचा विरोध होता. वरवर पाहतां हा हट्ट वाटेल. परंतु सहवैमानिकाचा कॅप्टन कधीं होणार हें मोठ्या विमानावरील जागांवर ठरतें. रुजू झाल्याचा दिवस धरावा, कीं कॅप्टन झाल्याचा? कोणतीहि एक तारीख धरली कीं एका गटाची वर्षें वायां जातात. पगाराची तूट पुढें भरून काढतां येते. गेलेलीं वर्षें परत देतां येत नाहींत.

जानेवारी २०२२ मध्यें एअर इंडिया पुन्हां टाटांकडे आली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा ही कंपनी तींत विलीन झाली. तत्पूर्वीं एप्रिलमध्यें विस्ताराच्या वैमानिकांत असंतोष पसरला, पुष्कळ जण रजेवर गेले आणि कंपनीस रोज २५ ते ३० उड्डाणें कमी करावीं लागलीं. पूर्वीं त्यांना महिन्यास ७० तासांच्या वेतनाची हमी होती. नव्या करारांत ती ४० तासांवर आली. समजा, एखाद्या महिन्यांत वैमानिकाच्या वांट्यास ५५ तास आले. जुन्या करारानें त्यास ७० तासांचें वेतन मिळालें असतें, नव्यानें ५५ तासांचें. ७० तासांहून अधिक उडणाऱ्यास या कलमापुरता फरक पडत नाहीं. म्हणजे प्रश्न उरला तो एवढाच कीं, वेळापत्रक रिकामें राहिलें तर त्याची झळ कोणीं सोसावी? १९५३ ची विभागणी इतिहासजमा झाली, तरी हा प्रश्न मिटला नाहीं.

उतारूच्या दृष्टीनें याचें महत्त्व याहून अधिक आहे. ज्या वेतनांत बहुतेक भाग तासांचा, त्यांत थकलेल्या माणसासहि आणखी एक खेप घेण्याचा मोह होतो. म्हणूनच वर्षास १००० उड्डाणतासांची मर्यादा आहे, आणि जानेवारी २०२४ मध्यें जाहीर झालेल्या नियमांनीं आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ वर नेण्याचें व रात्रपाळींतील उतरणीं दोनांवर आणण्याचें ठरविलें. कंपन्यांना मनुष्यबळ वाढविणें खर्चाचें वाटतें आणि वैमानिकास तास कमी होणें तोट्याचें वाटतें; विश्रांतीचा कैवार घेण्यास मग कायद्यावांचून कोणी उरत नाहीं.

जुन्नरच्या त्या अपघाताचा कोणत्याहि वेतनकराराशीं संबंध जोडणें अन्यायाचें होईल. पण वैमानिकास आपण कशाबद्दल पैसे देतों हें तो डोंगर सांगतो. आपण त्याच्या तासांचे पैसे देतों असें हिशेबाच्या वहींत लिहिलेलें असतें. खरें मोल असतें तें अखेरच्या पंधरा मिनिटांतील सावधपणाचें. दोन कंपन्या एक करतांना त्या सावधपणाची किंमत कोणत्या वेतनपत्रकांत अधिक जपली गेली आहे, हें आधीं पाहावें आणि मग आंकडे जुळवावे. जुन्नर-आंबेगांवच्या माथ्यावरून मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांतील उतारूंचें हित यांतच आहे.