दृष्टीलाही संस्कार हवा

अंबरनाथ पूर्वेला शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारकालीन शिवालय आहे. दिवाळीत त्या गावी जाणे झाले, तर मावळता सूर्य जरूर पाहावा. बिंब क्षितिजाला नुकते टेकलेले दिसते, तेव्हा वास्तविक ते सबंध खाली गेलेले असते! हवेत प्रकाशकिरण वाकतात आणि बिंब सुमारे ३४ कला वर दिसते. बिंबाचा व्यास तर ३२ कलांचाच. लक्ष्मीपूजनाचा सूर्यास्त त्यामुळे दोन-अडीच मिनिटे लांबतो.

सोळाव्या शतकात टायको ब्राहे याने या वक्रीभवनाचे कोष्टक केले. सतराव्यात कॅसिनीने सारख्या घनतेचा हवेचा थर कल्पून त्याचे गणित बसविले. आपल्याकडे कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या केरोपंत छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. आकाशात दिसेल तेच पंचांगात उतरावे, हा त्यांचा आग्रह. १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पंचांग निघू लागले, आणि जुन्या ग्रंथांच्या अभिमान्यांशी वाद जुंपला.

पण दिसते तेही फसवे असते, त्याचे काय? १९६३ साली थुंबाहून पहिले रॉकेट उडाले. रॉकेटचा माग घेणाऱ्या रडारच्या लहरीही हवेत वाकतात. तो बाक हिशेबातून वजा केल्यावाचून रॉकेटचे खरे स्थान कळत नाही. मग त्याला वाट कशी दाखवावी?

अशा दुरुस्तीला आपले पंचांगकर्ते 'संस्कार' म्हणतात. केरोपंतांनी तो ग्रंथांना दिला. डोळ्यांनाही तो लागतोच.