घोड्याची वंशावळ आणि आजोबांचा 1 जून

मी बार्शीटाकळीहून बोलतोय. आमच्या वऱ्हाडात शर्यत म्हटलं की शंकरपट. बैलजोडी, धुरकरी आणि धुरळा. पण आजची गोष्ट घोड्यांची आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर दरवर्षी होणाऱ्या इंडियन डर्बीची. पटाकडे शेवटी येतोच, ऐकत राहा.

'डर्बी' हे नाव मूळ इंग्लंडचं. 1780 साली एप्समला पहिली डर्बी झाली आणि लॉर्ड डर्बींवरून शर्यतीला नाव पडलं. यात पळतात ते थरोब्रेड घोडे. या जातीची खूण म्हणजे वंशावळ. आजचा कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाकडून मागं मागं गेलात की तीनपैकी एका घोड्यापाशी पोचता. हे तिघं पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले. आणि वंशाची नोंद नसेल, तर घोडा कितीही पळो, तो थरोब्रेड नाही!

मुंबईत आधी भायखळ्याला शर्यती व्हायच्या, मग त्या महालक्ष्मीला आल्या. इंडियन डर्बी मात्र 1943 ची. पहिली जिंकली ती घोडी होती, प्रिन्सेस ब्यूटिफुल. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. अंतर 2400 मीटर. सारा खेळ अडीच मिनिटांच्या आसपास संपतो. पण ऐंशी वर्षं उलटली तरी घोडी, मालक, जॉकी, तिन्ही नावं जागेवर आहेत.

अजून एक गंमत. डर्बीत चार वर्षांचे घोडे पळतात आणि कागदावर सगळ्यांचा वाढदिवस एकच, 1 जानेवारी. आपल्या आजोबांचा कसा 1 जून असतो, तसाच. फरक एवढाच, की घोड्याची खरी जन्मतारीखही लिहिलेली असते. आजोबांची गुरुजींनी अंदाजानं टाकलेली.

इथंच मी अडकलो. माझे आजोबा पटात जोडी हाकायचे. कोणत्या साली जिंकले, बैलांची नावं काय होती, घरात कुणालाच सांगता येत नाही. आजोबा तर गेले.

आमच्या गावच्या जुन्या देवळात शके 1098 चा शिलालेख आहे. म्हणजे लिहून ठेवायची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. राजाचं देऊळ दगडावर आलं, धुरकऱ्याचा पट तेवढा तोंडीच राहिला. त्यात 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी आणली, ती डिसेंबर 2021 पर्यंत टिकली. एवढ्या वर्षांत किती जुने धुरकरी गेले असतील!

तर मंडळी, हा भाग संपला की एक काम करा. गावात कुणी म्हातारा धुरकरी असेल, तर त्याच्याजवळ बसा. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिला प्रश्न विचारा, "आबाजी, तुमच्या बैलांची नावं काय होती?"

भेटू पुढच्या भागात. राम राम!