संगीत नाटक मंडळ्या आणि तालुक्याचा प्रेक्षक : सांगोल्याच्या बाजूने एक विचार

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा रंगमंचाच्या बाजूने लिहिला जातो. नाटककार, गायक नट, नाटके आणि त्यांचे पहिले प्रयोग हा त्याचा सांगाडा असतो. या इतिहासात प्रेक्षक येतो तो ‘रसिक’ या एका शब्दात, आणि तोही पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर अशा मोजक्या गावांचा. हा सांगाडा खोटा नाही. परंतु व्यावसायिक संगीत नाटक मंडळ्या १९३५ च्या सुमारास का कोसळल्या, या प्रश्नाचे उत्तर त्यातून अर्धेच मिळते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी सांगोल्यासारख्या, मंडळ्यांच्या मोठ्या मुक्कामांच्या वाटेपासून आडबाजूला असलेल्या, माणकाठच्या तालुक्याच्या गावाकडून पाहणे उपयुक्त ठरते.

सांगोल्याचे स्थान या दृष्टीने विलक्षण आहे. तालुक्याच्या एका अंगाला मंगळवेढे. ते संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते याच घराण्यातील चिंतामणराव अप्पासाहेबांच्या आश्रयाने. म्हणजे मराठी नाटकाच्या पहिल्या आश्रयदात्याची सत्ता सांगोल्याच्या शिवेपर्यंत पोहोचलेली होती. दुसऱ्या अंगाला पंढरपूर, आणि दक्षिणेस जत ओलांडले की कानडी मुलूख. सांगोला स्वतः मात्र सोलापूर जिल्ह्यातील इंग्रजी अमलाचा तालुका राहिला. आश्रय देणारा दरबार जवळ, परंतु आपला नव्हे, अशी त्याची स्थिती होती.

१८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांच्या मंडळीस दरबाराबाहेर पडावे लागले. १८५३ साली तिने मुंबईत तिकीट लावून खेळ केले. या घटनेचे महत्त्व आर्थिक तितकेच सामाजिक आहे. आश्रयदात्याच्या जागी तिकीट घेणारा प्रेक्षक आला, आणि जेथे असा प्रेक्षक पुरेशा संख्येने एकवटेल तेथेच मंडळीने जावे, हा नियम त्याच क्षणी ठरून गेला.

मंडळ्यांच्या नावांतही हा पालट नोंदला गेला आहे. पहिल्या पिढीतील ‘सांगलीकर’, ‘इचलकरंजीकर’ ही नावे गावावरून, म्हणजे वस्तुतः गावच्या आश्रयावरून पडलेली आहेत. पुढच्या पिढीतील ‘किर्लोस्कर’ आणि ‘गंधर्व’ ही नावे व्यक्तीवरून आली : प्रथम नाटककाराच्या, मग नटाच्या. १९०८ साली केशवराव भोसले यांनी स्थापिलेल्या ‘ललितकलादर्श’ मंडळीचे नाव तर केवळ ध्येयवाचक आहे. गावाचे नाव गळाले आणि मंडळी कोणत्याही एका गावाची राहिली नाही. ‘मंडळी’ या घरगुती शब्दाशेजारी ‘कंपनी’ हा शब्द याच ओघात रूढ झाला.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्याला मराठीतील ऑपेरा म्हणण्याची प्रथा आहे. परंतु ही तुलना जपून केली पाहिजे. पाश्चात्त्य ऑपेरात मुख्यतः सर्व संवाद गायिले जातात. संगीत नाटकात गद्य आणि पद्य एकमेकांना हात देत चालतात. शिवाय या पद्याचे मूळ कीर्तनकाराच्या आख्यानात आहे. ‘पद’ हा शब्दच तेथला. साकी, दिंडी, आर्या ही वृत्ते किर्लोस्करांच्या श्रोत्यांना नाटकापूर्वीच परिचित होती. कानडी चाली आणि लावणीचे वळण यांनाही किर्लोस्करांनी आपल्या पदांत जागा दिली. ही सर्व सामग्री सांगोल्याच्या परिसरात घरोघर होती. पंढरीची वारी, भजन, भारूड, सोलापूरच्या राम जोशी (मृत्यू १८१२) यांच्या लावण्यांची परंपरा आणि सीमेपलीकडील कानडी गाणे, यांत वाढलेल्या श्रोत्याला संगीत नाटक कळण्यास वेगळ्या शिक्षणाची गरज नव्हती. त्याची आणि मंडळीची गाठ पडण्यात अडचण होती ती अभिरुचीची नव्हे, दळणवळणाची.

मोठी मंडळी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड होते. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे गडी, कपड्यांचे पेटारे आणि रंगविलेले पडदे, एवढा संसार घेऊन ती एका गावी आठवडे, कधी महिने मुक्काम करी. नाट्यगृह, रात्रीच्या वस्तीची सोय आणि रोज नव्हे तरी वारंवार येऊ शकणारा वर्ग असल्याखेरीज असा मुक्काम परवडत नसे. सोलापूरला लोहमार्ग १८६० च्या सुमारास आला. कुर्डुवाडी–पंढरपूर हा अरुंद मार्ग १९०६ साली सुरू झाला. तो सांगोल्यावरून मिरजेपर्यंत पोहोचला मात्र १९२७ मध्ये. तोवर ‘शारदा’ (१८९९), ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) ही सारी कीर्तिशिखरे उभी राहून चुकली होती. सांगली-मिरजेची नाट्यभूमी आणि पंढरपूर यांना जोडणारी गाडी सांगोल्याच्या स्थानकात थांबू लागली, तेव्हा मंडळ्यांच्या वैभवाची आठ-दहा वर्षेच शिल्लक होती.

मंडळीच्या आधी तिची पदे प्रवास करीत. ध्वनिमुद्रिका, बाजाची पेटी आणि छापील पदांची पुस्तके यांच्या वाटेने ती भजनी फडांत शिरली. येथे एक अर्थपूर्ण फेरा पूर्ण झाला : कीर्तनातून नाटकात गेलेले ‘पद’ पुन्हा भजनात परत आले. १९३१ मध्ये गंधर्व मंडळीने ‘कान्होपात्रा’ केले. मंगळवेढ्याच्या त्या संत स्त्रीची कथा म्हणजे सांगोल्याच्या शेजघरची कथा होय. तिच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिले आणि मास्तर कृष्णरावांनी पदांना चाली दिल्या. मंगळवेढे-पंढरपूरची ही भक्तिकथा तोवर नगरांतील प्रेक्षागृहांचे आकर्षण बनली होती.

आता ऱ्हासाकडे वळावे. बोलपटाने मंडळ्या बुडविल्या, असे सरसकट म्हटले जाते. कालक्रम या मताला पूर्ण पाठिंबा देत नाही. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ चा. मुंबई इलाख्यात करमणूक कर त्यापूर्वी, १९२३ मध्येच, लागू झाला होता. आणि भरजरी वेष व खर्चिक देखावे यांमुळे गंधर्व मंडळी त्याच दशकात कर्जात बुडाली होती. तिकिटाचा दर वाढविल्याखेरीज खर्च भागत नव्हता, आणि दर वाढविल्यावर प्रेक्षकवर्ग आक्रसत होता. म्हणजे बोलपट आला तो आधीच खचलेल्या भिंतीवर. शिवाय तो परका म्हणून आला नाही. ‘अयोध्येचा राजा’तील हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, १९१३ साली गंधर्व मंडळी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळीने चित्रनिर्मितीकडे वळण घेतले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त स्वतः बालगंधर्व एकनाथ झाले.

तालुक्याच्या बाजूने पाहता या घटनेचा अर्थ बदलतो. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाने नाटक सोडून बोलपट धरला, असे म्हणता येईल. ज्या प्रेक्षकाला मंडळीचा दीर्घ मुक्काम कधीच परवडणारा नव्हता, त्याच्याबाबतीत मात्र ‘सोडले’ हे क्रियापदच लागू पडत नाही. गाणारा नट त्याच्या आटोक्यात आणला तो बोलपटाने. एका फिल्मच्या डब्यात सबंध मंडळी मावत होती. तिला ना पेटारे, ना आचारी, ना महिन्याचा मुक्काम. नगरातील प्रेक्षकाला जो ऱ्हास वाटला, तो तालुक्याच्या प्रेक्षकाला लाभ वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

पुढील काळातील पुनरुज्जीवनानेही हे अंतर बुजविले नाही. ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०), ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांनी संगीत रंगभूमीस नवे आयुष्य दिले. परंतु बिऱ्हाड घेऊन हिंडणारी मंडळी परतली नाही. तिच्या जागी नाट्यसंस्था, कंत्राटदार आणि एका रात्रीचा प्रयोग आला. ‘नाट्यपद’ नाटकापासून सुटून मैफलीत व ध्वनिमुद्रिकेत स्वतंत्रपणे नांदू लागले. २०१५ साली ‘कट्यार’ पुन्हा सर्वदूर पोहोचली, तीही चित्रपटाच्या रूपाने.

यावरून एक निष्कर्ष संभवतो. संगीत नाटकाची कला लोकपरंपरेतून घडली, परंतु तिचा व्यवसाय नगरांवर उभा राहिला. या दोहोंतील फट तिच्या वैभवकाळीच पडलेली होती. आर्थिक ताण येताच मंडळ्यांच्या मागे उभा राहील असा विस्तृत प्रेक्षक म्हणूनच उरला नाही. या व्यवसायाच्या पतनाचा विचार करताना किती प्रेक्षक गेले हे मोजण्यापूर्वी, किती जणांपर्यंत तो पोहोचलाच नव्हता, हे विचारावयास हवे. त्यासाठी भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या, जुन्या हस्तपत्रिका आणि यात्रांचे हिशेब ही साधने नाट्यसंहितांइतक्याच आस्थेने अभ्यासिली गेली पाहिजेत.