टॉमचे झिजलेले दात

आजचा एपिसोड एका सांगाड्यापासून सुरू करूया.

ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्नच्या मधोमध, किनाऱ्यावर ईडन नावाचं छोटं गाव आहे. लोक तिथे सुट्टीला जातात. बीच, जंगलातल्या पायवाटा, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडे निघालेले हंपबॅक व्हेल. मीही तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण हवा बिघडली, बोट रद्द झाली, आणि वेळ काढायला म्हणून म्युझियममध्ये शिरलो.

तिथे ओल्ड टॉम आहे. जवळपास सात मीटर लांबीचा ओर्का, म्हणजे किलर व्हेल. त्याचे एका बाजूचे दात पार झिजलेत. गावकरी सांगतात, शिकारी बोटींचा दोर तोंडात धरून ओढायची त्याला खोड होती. (अक्षरशः दंतकथा!)

आता दोर कसला, ते ऐका. इथल्या टूफोल्ड बे मध्ये डेव्हिडसन कुटुंबाने तीन पिढ्या व्हेलची शिकार केली, साध्या वल्हवायच्या बोटींतून. ओर्कांची टोळी मोठ्या व्हेलला घेरून बे मध्ये रेटायची. मग त्यांतले एकदोन किनाऱ्याजवळ येऊन पाण्यावर शेपट्या आपटायचे. म्हणजे जणू अलार्मच. माणसं बोटी काढायची आणि हार्पून मारायची. मेलेला व्हेल लगेच ओढून न्यायचा नाही, एकदोन दिवस तिथेच नांगरून ठेवायचा. ओर्का त्याची जीभ आणि ओठ खाणार, उरलेली चरबी माणसांची. याला नाव पडलं ‘लॉ ऑफ द टंग’, जिभेचा कायदा. लेखी करार नाही, सही नाही, तरी कित्येक वर्षं चालला.

गोष्ट सहसा इथेच संपवतात: एक गोरं कुटुंब आणि त्यांचे हुशार मासे. (ओर्का मासा नाही, माहितीये. पण आपणही व्हेलला देवमासाच म्हणतो ना!) मला खटकलं ते हे, की त्या बोटींत वल्ही मारणारे बरेचसे थावा होते, म्हणजे युइन लोकांपैकी इथले मूळ रहिवासी. ओर्कांशी त्यांचं नातं गोरे येण्याच्या आधीपासूनचं. गेलेले पूर्वज ओर्का होऊन परत येतात, असं ते मानत. इंग्रजीत ‘किलर’, आणि यांच्यासाठी घरचा माणूस. थावा भाषेतला शब्द आहे ‘बेओवा’.

आता दुसरं नाव. १८४०च्या दशकात बेन बॉइड नावाचा स्कॉटिश धनिक इथे आला. त्याने स्वतःच्या नावाचं गाव वसवलं आणि बे च्या तोंडाशी दगडी मनोरा बांधला. त्याला दीपगृह करायचं होतं, सरकारने परवानगी नाकारली, मग तिथून व्हेलवर नजर ठेवायला लागले. याच बॉइडने १८४७मध्ये पॅसिफिक बेटांवरून माणसं आणली आणि त्यांना वाचताही न येणाऱ्या करारांवर मेंढ्यांमागे राबायला लावलं. एक करार बिनकागदाचा टिकला, दुसरा कागदावरचा निव्वळ फसवणूक!

तरी १९७१मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानाला नाव मिळालं बॉइडचंच. ते बदलायला २०२२ उजाडलं. आता ते बेओवा नॅशनल पार्क आहे. मनोऱ्यापासून ग्रीन केपच्या १८८३च्या दीपगृहापर्यंत साधारण ३० किलोमीटरची पायवाट जाते: लालसर खडक, बँक्सियाची झाडं, मध्येच टक लावून बघणारी वॉलबी. मी सुरुवातीचा तुकडाच चाललो. मनोऱ्यावर दगडात कोरलेलं ‘बॉइड’ अजून तसंच आहे.

टॉम सप्टेंबर १९३०मध्ये मेला. तोवर शिकार बंद पडली होती, ओर्काही येईनासे झाले होते. त्याच्यासाठी म्हणून पुढच्याच वर्षी ते म्युझियम उघडलं. २०२३मध्ये त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुलना केलेल्या आजच्या ओर्कांमध्ये त्याचे जवळचे वंशज सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. एक हंपबॅक आई आणि तिचं पिल्लू दिसलं. दोघं निवांत चालले होते, त्यांना बे मध्ये रेटायला मागे कुणी नव्हतं.