पद्मिनीची टाकी

जेसल पार्कात खाडीची खारी हवा. इथे जुन्या गाडीचा पत्रा लवकर जातो. शेजारच्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीची पेट्रोलची टाकी गळू लागली, तेव्हा जो तो एकच सांगे: कुर्ल्याला जा, भंगारात टॅक्सीची टाकी मिळेल. गंमत म्हणजे ही गाडी जन्मली तीही कुर्ल्यातच. 1964 साली तिथे फियाट 1100 डिलाइट बनू लागली, 1974 साली तिचं नाव पद्मिनी झालं. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

पण मंडळी, टॅक्सीच्या टाकीची कथा वेगळी आहे. 2001 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. डिकीत सिलिंडर आला, बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या, आणि पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामी राहिली. रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा धरतो, पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग मात्र ठाकठीक! तो गंज पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. माप जुळतं, नळी बसते, तरी टाकी चुकीचीच.

काकांना म्हटलं, पेट्रोलवरच चाललेल्या खासगी गाडीची शोधा, आणि पैसे देण्याआधी फ्लोट काढून आत नीट बघा.