वाघिणीची लेक

बोईसरच्या कारखान्यात चेनपुलीवर काम केलेला माणूस रोलर कोस्टरमध्ये पहिल्यांदा बसला, तर सुरुवातीचा आवाज त्याला परका वाटू नये. साखळी डब्यांना चढावर ओढू लागली की खालून कट-कट-कट सुरू होतं. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून डब्याखालचा खटका दात्यांच्या पट्टीवरून उड्या मारत जातो, त्याचा तो आवाज. उचललेला जॉब चेनपुलीत अधांतरी धरून ठेवणारा खटका याच जातीचा. पोरं नेमकी त्याच आवाजाला घाबरतात.

ही गाडी आज करमणुकीच्या बागेत नांदत असली, तरी तिचं माहेर रेल्वेचं, तेही मालगाडीचं. आजोळ मात्र रशियात. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गकडे लाकडी सांगाड्यावर पाणी ओतून बर्फाच्या उंच घसरगुंड्या करत. 1817 साली पॅरिसमध्ये त्यांची चाकांची आवृत्ती निघाली, तेव्हापासून फ्रेंच लोक या प्रकाराला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत अशी की रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात.

रशियनांचंही चुकत नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात मॉख चंक या गावी 1827 साली खाणीतला कोळसा खाली आणायला उताराचा लोहमार्ग टाकला. इंजिन नव्हतंच. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने सुमारे 14 किलोमीटर उतरत, आणि रिकाम्या वाघिणी खेचरं वर ओढत. परत वर ओढायला खेचरं खाली हवीत, म्हणून त्यांनाही गाडीत घालून खाली आणत. या उतारावरून हौसेने बसून उतरण्याचा मान खरा कुणाचा, हे इथेच ठरून जातं. पुढे 1872 मध्ये कोळशाला बोगद्याची सरळ वाट मिळाली आणि हा मार्ग बेकार झाला. मग तो फक्त पैसे देऊन बसणाऱ्या माणसांसाठी चालू राहिला.

लामार्कस थॉम्पसनने 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला तेवढ्यासाठीच छोटा मार्ग बांधला. भाडं 5 सेंट, वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर, आणि बसायचं बाकावर, तोंड बाजूला करून. आपल्या बैलगाडीनेही लाजावं असं काही नव्हतं, पण गर्दी लोटली.

‘कोस्टर’ शब्दाचं नातं रेल्वेतही सापडतं. मोटरमन पॉवर बंद करतो आणि लोकल आपल्या वेगाने धावत राहते, त्याला कोस्टिंग म्हणतात. रोलर कोस्टरला चढ संपल्यावर दुसरं काही येतच नाही. पहिल्या उंचीवर जेवढं कमावलं, तेवढ्यावर सगळी फेरी. म्हणून पहिला चढच सर्वांत उंच असतो.

लाकडी मार्गाला मर्यादा होत्या. फळ्यांच्या थरांवर लोखंडी पट्टी ठोकायची, म्हणजे वळण बेतानेच घ्यायचं. जॉन मिलरने 1919 मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं, त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती गेली. वाटेचं बंधन राहिलंच. ते सुटलं 1959 साली. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ॲरो डेव्हलपमेंट कंपनीने ‘मॅटरहॉर्न’साठी रूळ म्हणून पोलादाची पोकळ नळी वापरली. नळी वाटेल तशी वाकते, पिळता येते, आणि चाकं तिला वरून, बाजूने, खालून कवटाळतात. त्याच मार्गावर एका वेळी अनेक गाड्या सोडण्याची सोयही झाली: मार्गाचे टप्पे पाडायचे आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. विरार-डहाणू मार्गावर सिग्नलला थांबलेल्या लोकलमध्ये आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तीच ही ब्लॉक पद्धत.

उलटं व्हायची हौस जुनीच. एकोणिसाव्या शतकात पूर्ण गोल फासे बांधून पाहिले गेले होते, पण गोलात शिरतानाच मानेला जबर हिसका बसे. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगलने तो गोल लांबट केला, पाण्याच्या थेंबासारखा. वळण हळूहळू आवळत जातं आणि वर गेल्यावरच घट्ट होतं. 1976 मधल्या ‘रिव्होल्यूशन’ या कोस्टरचा फासा असा आहे. सरळ रुळावरून वळणावर जाताना प्रवाशाला धक्का बसू नये म्हणून रेल्वेचे अभियंते असा वक्र आधीपासूनच आखत होते. माहेरची शिदोरी आणखी एकदा कामी आली.

मुंबईकडच्या लोकांची पहिली ओळख गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये झाली. ते 1989 साली सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद पडलं. आताची मोठी गाडी खोपोलीजवळच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’. स्विस कंपनी बोलिगर अँड माबिलार्डची बनावट, उंची सुमारे 40 मीटर, पाच ठिकाणी डोकं खाली, आणि पायाखाली तळच नाही. ही बाग एप्रिल 2013 मध्ये उघडली. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली तीही त्याच महिन्यात, त्यामुळे पालघरकरांना निम्मी वाट तरी रुळावरूनच सोपी झाली.

इकडच्या जत्रांत आकाशपाळण्याशेजारी ‘ड्रॅगन’ असतो. त्याला उतारावरून सोडत नाहीत, मोटर ओढते. म्हणजे काटेकोर बघितलं तर तो कोस्टर नव्हेच. पण रूळ त्याचे नळीचेच असतात. जत्रा उठली की माणसं बोल्ट सोडवतात, नळीचे वाकडे तुकडे एकावर एक ट्रकमध्ये रचतात, आणि ड्रॅगनचं मुंडकं सगळ्यात शेवटी, ताडपत्रीखाली जातं.